सहा नंबरचा हरम

मोरक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मर्निसी एकदा अमेरिकेतल्या एका बड्या दुकानात सुती स्कर्ट विकत घ्यायला गेल्या. विक्रेत्या बाईने त्यांच्याकडे पाहिले आणि सांगून टाकले की, तुमच्या मापाचा स्कर्ट आमच्याकडे मिळणार नाही; तुमचा कमरेखालचा घेर फार मोठा आहे. मर्निसींना वाटले, बाई थट्टा करत असावी. एवढ्या अवाढव्य दुकानात एका बाईच्या अंगाला येईल असा साधा स्कर्ट नसावा? त्यावर उत्तर मिळाले की, इथे चार आणि सहा नंबर हे सर्वसाधारण माप धरले जाते. त्यापुढच्या मापांची दुकाने वेगळी आहेत.

मर्निसींनी त्या बाईला आपल्या गावची रीत सांगितली. मोरक्कोत त्या स्वतः कापड घेत आणि शेजारची शिंपीण ते शिवून देई. त्यांचे माप किती, हे तिलाही ठाऊक नसे आणि त्यांनाही. शिवता शिवता ते कळत जाई. बाई ऐकत राहिली. मग तिने आपली बाजू सांगितली. फॅशनशी संबंधित धंद्यात चांगल्या पगारावर असलेल्या कितीतरी बायकांनी जेवणावर कडक लगाम ठेवला नाही, तर त्यांची नोकरी जाऊ शकते.

हा प्रसंग मर्निसींनी २००१ साली आलेल्या ‘शेहेरजाद गोज वेस्ट’ या पुस्तकात सांगितला आहे. ज्या प्रकरणात तो येतो, त्याचे नावच आहे, ‘साइज सिक्स : पाश्चात्त्य स्त्रियांचा हरम’.

मराठीत मर्निसींचे नाव फारसे घेतले जात नाही. १९४० साली फेज शहरात जन्मलेल्या आणि २०१५ मध्ये वारलेल्या या विदुषीने इस्लाम, स्त्री आणि सत्ता या विषयावर आयुष्यभर लिहिले. त्यांचे ‘बियाँड द व्हेल’ १९७५ साली आले. पुढे त्यांनी स्त्रीविरोधी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या हदीसांची चिकित्सा केली. त्या स्वतः एका हरममध्ये वाढल्या होत्या. हा हरम सुलतानाचा जनानखाना नव्हता. एकत्र कुटुंबाचे ते मोठे घर होते. दाराशी पहारेकरी असे आणि बायकांना परवानगीशिवाय उंबरा ओलांडता येत नसे. म्हणजे भिंत कशाला म्हणतात, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. अशी बाई अमेरिकेतल्या दुकानात उभी राहून म्हणते की, हा सहा नंबर मुस्लिम बुरख्याहून जाचक दिसतो, तेव्हा ते विधान नुसता शेरा म्हणून सोडून देता येत नाही.

त्यांचा मुद्दा असा होता. मुस्लिम पुरुषाने बाईवर ताबा ठेवला तो जागेच्या मदतीने. घर तुझे, रस्ता माझा, अशी वाटणी करून. पाश्चात्त्य पुरुषाने रस्ता मोकळा ठेवला आणि ताबा ठेवला तो वयाच्या आणि मापाच्या मदतीने. बाईने सदैव कोवळ्या मुलीसारखे दिसावे, तशी दिसली नाही तर ती असून नसल्यासारखी.

मला हे विधान जसेच्या तसे मान्य नाही. इराणमध्ये २०२२च्या सप्टेंबरात २२ वर्षांच्या महसा अमिनीला हिजाबच्या कारणावरून नैतिक पोलिसांनी पकडले आणि ती कोठडीतून जिवंत परतली नाही. सहा नंबरासाठी कोणी पोलीस पाठवत नाही. पण पोलीस न पाठवता बायका स्वतःहून एखादा नियम पाळत असतील, तर तो नियम कुठून आला, हे इतिहासात जाऊन पाहावे लागते. तो शोध घेतला की एक गंमत लक्षात येते. या सहा नंबराच्या घडणीत ‘पूर्वेची बाई’ म्हणजे तुमची-आमची आई-आजी फार आधीपासून हजर आहे. ती तिथे नकोशा शरीराचा नमुना म्हणून आहे.

हमामातला पिंजरा

१७१७ साली लेडी मेरी वर्टली माँटेग्यू ही इंग्रज बाई ऑटोमन साम्राज्यातून प्रवास करत होती. तिचा नवरा सुलतानाच्या दरबारी राजदूत होता. वाटेत सोफिया शहरात ती बायकांच्या हमामात गेली. तिथे तिच्या अंदाजाने दोनशे बायका होत्या. कोणी कॉफी पीत होत्या, कोणी सरबत, कोणी गप्पा मारत होत्या, कोणाची दासी केस विंचरत होती. लेडी मेरी लिहिते की, हे म्हणजे बायकांचे कॉफीगृहच. शहरातल्या साऱ्या बातम्या तिथे कळतात. तिला नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. ती प्रवासाच्या कपड्यांत, त्यांच्या दृष्टीने अगदी विचित्र वेशात आली होती. तरी कोणी तिला हसले नाही, कोणी कुजबुजले नाही. आमच्या दरबारात एखादी बाई चालू फॅशनप्रमाणे सजून आली नाही तर तिची काय गत होते, हे तिला ठाऊक होते.

हमामातल्या बायकांनी तिला कपडे काढून बसायचा आग्रह केला. नाइलाजाने तिने वरचे वस्त्र उघडून आतला कॉर्सेट दाखवला. कमर आवळून ठेवणारी, ताठ काड्यांची ती चोळी पाहून तुर्की बायकांची खात्रीच पटली की, हिच्या नवऱ्याने हिला या यंत्रात कुलूप लावून ठेवले आहे आणि ते उघडणे हिच्या हातात नाही.

ही पत्रे लेडी मेरीच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाली. देवीची लस टोचण्याची तुर्की पद्धत इंग्लंडमध्ये नेणारी बाई म्हणूनही तिचे नाव घेतले जाते. पण या पत्रातला कॉर्सेटचा प्रसंग मला अधिक मोलाचा वाटतो. मुसलमान बायकांना पडद्यात डांबले आहे, असे युरोप सांगत होता, त्याच काळात मुसलमान बायकांना युरोपची बाई पिंजऱ्यात दिसत होती. दोघींनाही दुसरीचे कुलूप दिसले.

न पाहिलेल्या बायकांची चित्रे

लेडी मेरीचे हे पत्र शंभर वर्षांनी आंग्र या फ्रेंच चित्रकाराच्या हाती पडले. त्याने त्यातले उतारे आपल्या वहीत उतरवून घेतले. त्यावरून त्याने रंगवलेले ‘तुर्की हमाम’ हे चित्र आज पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे. १८६२ साली ते पुरे झाले तेव्हा आंग्र ८२ वर्षांचा होता. तुर्कस्तानात तो कधीच गेला नव्हता. गोल चौकटीत वीसहून अधिक नग्न बायका एकमेकींवर रेलून पडल्या आहेत. मऊ, गुबगुबीत, सुस्तावलेल्या. लेडी मेरीच्या हमामात बायका बोलत होत्या, बातम्या देत-घेत होत्या. आंग्रच्या हमामात बोलणे संपले आणि नुसते मांस उरले.

याच आंग्रने १८१४ साली ‘ग्रांद ओदालिस्क’ रंगवले होते. ओदालिस्क हा शब्द तुर्की ‘ओदालिक’वरून आला. ओदा म्हणजे खोली, आणि ओदालिक म्हणजे हरममधली खोलीकाम करणारी दासी. युरोपने या कामकरी बाईला पलंगावर लोळवले आणि तिच्या नावाने चित्रांचा एक प्रकारच सुरू केला.

त्याच १८१४ साली पॅरिसमध्ये आणखी एक शरीर आणले गेले. दक्षिण आफ्रिकेतल्या खोइखोई समाजातील सारा बार्टमन हिला १८१० मध्ये लंडनला नेऊन तिच्या मोठ्या नितंबांचे तिकीट लावून प्रदर्शन मांडले होते. पॅरिसमध्येच, १८१५च्या अखेरीस, ती मेली. कुव्हिए या नामवंत निसर्गशास्त्रज्ञाने तिच्या देहाची चिरफाड केली. तिचे अवशेष पॅरिसच्या संग्रहालयात १९७०च्या दशकापर्यंत मांडलेले होते. ते दक्षिण आफ्रिकेला परत मिळाले २००२ साली, तेव्हा तिला माती मिळाली.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सब्रिना स्ट्रिंग्ज यांनी ‘फिअरिंग द ब्लॅक बॉडी’ (२०१९) या ग्रंथात या धाग्याचा मागोवा घेतला आहे. लठ्ठपणाचा तिटकारा हा वैद्यकशास्त्राच्या आधी वंशविचारातून आला, अशी त्यांची मांडणी आहे. भरलेले, सैल शरीर म्हणजे आफ्रिकेची किंवा पूर्वेची खादाड, आळशी बाई. बारीक शरीर म्हणजे संयमी, देवभीरू गोरी बाई. डॉक्टरांनी वजनाचे तक्ते भिंतीवर लावायच्या कितीतरी आधी हा निकाल लागला होता.

मर्निसींनी या चित्रांची तारीखवार झडती घेतली. मातिसने ‘लाल विजारीतील ओदालिस्क’ रंगवली १९२१ साली. ऑटोमन राजवाड्यातला हरम तोवर बंद पडून दहा-बारा वर्षे झाली होती. १९२६ मध्ये तुर्कस्तानने बहुपत्नीत्व कायद्याने बंद केले. १९३४ मध्ये तुर्की बायकांना संसदेच्या निवडणुकीत मतदानाचा आणि उभे राहण्याचा हक्क मिळाला. मातिसच्या फ्रान्समध्ये बायकांना मताचा हक्क मिळायला १९४४ साल उजाडले. तुर्की बाई निवडणूक लढवू लागली तरी फ्रेंच चित्रातली तुर्की बाई पलंगावरून उठली नव्हती.

कॉर्सेट गेला, पण

फॅशनच्या धंद्याने ही चित्रे उचलली. पॅरिसचा पॉल प्वारे हा विसाव्या शतकाच्या आरंभीचा बडा फॅशनकार. १९१० साली पॅरिसमध्ये रशियन बॅलेचा ‘शेहेरजाद’ हा प्रयोग गाजला होता. पुढच्याच वर्षी, जून १९११ मध्ये, प्वारेने आपल्या घरी ‘एक हजार दोनावी रात्र’ नावाची मेजवानी दिली. तीनशे पाहुण्यांना पूर्वेकडच्या वेशात यायचे फर्मान होते. प्वारे सुलतान बनला होता. त्याची बायको डेनिस सोन्याच्या पिंजऱ्यात बसली होती आणि सुलतानाने दार उघडून तिला मोकळे केले. त्याच वर्षी त्याने ‘हरम पायजमा’ बाजारात आणला.

बायकांना कॉर्सेटमधून सोडवण्याचे श्रेयही प्वारेला दिले जाते. त्याने सरळ, सैल, अंगावरून ओघळणारे कपडे आणले. पण ते शोभत कोणाला? सडपातळ डेनिसला. कॉर्सेट होता तोवर भरल्या अंगाची बाईसुद्धा दोऱ्या आवळून हवा तो आकार मिरवू शकत होती, रात्री दोऱ्या सैल करून मोकळा श्वास घेऊ शकत होती. आता आधाराला काड्याच उरल्या नाहीत. आकार शरीरातूनच आणायचा होता. पहिल्या महायुद्धानंतर छाती आणि कंबर सपाट दाखवणारा नळीसारखा पोशाख आला. अमेरिकेत लुलू हंट पीटर्स या डॉक्टर बाईचे कॅलरी मोजायला शिकवणारे पुस्तक १९१८ साली निघाले आणि धडाक्याने खपले. हमामातल्या बायकांनी पाहिलेला पिंजरा कातडीखाली गेला. आता तो रात्रीही उतरत नव्हता.

आकडा आला कुठून?

मर्निसींना अडवणारा सहा हा आकडा शरीरशास्त्राने दिलेला नाही. तयार कपड्यांचा धंदा वाढला तेव्हा गिरण्यांना आणि डाकेने माल विकणाऱ्या कंपन्यांना ठरीव मापे हवी होती. त्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे पंधरा हजार बायकांची मापे घेतली. प्रत्येकीची ५९ मापे. पण हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. या पाहणीच्या आधारे १९५८ मध्ये सरकारी प्रमाण मापे जाहीर झाली आणि १९८३ मध्ये ती रद्दही झाली. नंतर प्रत्येक कंपनीने आपापला सहा नंबर ठरवला. ज्या मोजपट्टीत काळी, तपकिरी बाई धरलीच नव्हती, तिच्यावर मोजून जगभरच्या बायकांना ‘मापाबाहेर’ ठरवले गेले.

आरोग्याच्या नावाने जो आकडा मिरवला जातो, त्याचीही कथा अशीच. बेल्जियमचा केतले हा खगोल आणि गणिताचा अभ्यासक १८३०च्या दशकात ‘सरासरी माणूस’ शोधत होता. त्यासाठी त्याने वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे गणित मांडले. एकट्या माणसाची तब्येत तपासणे हा त्याचा हेतू नव्हता. पुढे १९४०च्या दशकात अमेरिकी विमा कंपनीने ‘आदर्श वजनाचे’ तक्ते काढले. १९७२ मध्ये अॅन्सेल कीज यांनी केतलेच्या गणिताला बॉडी मास इंडेक्स, म्हणजे आजचा ‘बीएमआय’, हे नाव दिले.

या आकड्याची मर्यादा दाखवणारा एक नामांकित दाखला आपल्या पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरातली चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आकडा एक, शरीरे दोन. दिसायला बारीक असलेल्या भारतीयाला मधुमेह का गाठतो, हे त्यातून समजते. वजनाचा आणि आरोग्याचा संबंध आहेच, तो नाकारण्याचे कारण नाही. पण बारीक दिसणे म्हणजे निरोगी असणे, हे समीकरण फॅशनच्या दुकानात बनले आहे, दवाखान्यात बनलेले नाही.

रॅम्पवरची मौत

या समीकरणाची किंमत आधी मॉडेल मुलींनीच मोजली. २ ऑगस्ट २००६ रोजी उरुग्वेच्या राजधानीत लुईसेल रामोस ही २२ वर्षांची मॉडेल रॅम्पवरून उतरली आणि थोड्याच वेळात हृदय बंद पडून मेली. सहा महिन्यांनी तिची धाकटी बहीण एलियाना, तीही मॉडेल, १८व्या वर्षी तशीच गेली. दोघींच्या मध्ये, नोव्हेंबर २००६ मध्ये, ब्राझीलची २१ वर्षांची आना कॅरोलिना रेस्टन वारली. उंची पाच फूट आठ इंच आणि वजन सुमारे ४० किलो. चीनमध्ये एका निवडीच्या वेळी तिला जाड म्हटले गेले होते, असे तिच्या मृत्यूनंतरच्या बातम्यांत आले होते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये माद्रिदच्या फॅशन सोहळ्याने १८ हून कमी बीएमआय असलेल्या मुलींना रॅम्पवर येण्यास मनाई केली. इस्राएलने २०१२ मध्ये तसा कायदा केला. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला डॉक्टरचा दाखला लागतो आणि जाहिरातीतल्या फोटोत शरीर बारीक केले असेल, तर तसे छापावे लागते. म्हणजे ज्या देशांनी सगळ्या जगाला बाईचे माप शिकवले, त्यांनाच अखेर त्या मापावर कायद्याचा लगाम घालावा लागला.

फॅशनच्या या जगाला आपल्या संस्कृतीची किती जाण होती, याचा नमुना कार्ल लागरफेल्डच्या रूपाने सापडतो. शनेल कंपनीचा हा तेव्हाचा मुख्य फॅशनकार. जानेवारी १९९४ मध्ये त्याने क्लॉडिया शिफर या मॉडेलला जो तंग पोशाख घालून रॅम्पवर आणले, त्याच्या छातीवर कुरआनच्या आयती भरतकामात काढल्या होत्या. जगभर मुसलमानांनी निषेध केला. लागरफेल्डचे म्हणणे असे की, ताजमहालवरच्या पुस्तकातून ही अक्षरे घेतली, ती प्रेमकविता असावी असे वाटले. कंपनीने माफी मागितली आणि ते कपडे नष्ट केले. ताजवर अमानत खानने कोरलेली अक्षरे कुरआनची आहेत, हे आग्र्याच्या कोणत्याही वाटाड्याने त्याला सांगितले असते. पण ‘पूर्व’ म्हणजे शृंगार, हे आंग्रच्या काळातले समीकरण डोक्यात पक्के असले, की अरबी अक्षर दिसताच प्रेमकविता सुचते.

हाच लागरफेल्ड २००९ मध्ये एका जर्मन साप्ताहिकाला म्हणाला की, गोलमटोल बायका रॅम्पवर कोणालाच पाहायच्या नसतात. त्याने स्वतः एका विशिष्ट फॅशनकाराचे अरुंद कपडे अंगात यावेत म्हणून वर्षभरात ४२ किलो वजन उतरवले होते. हरमचा मालकही त्याच हरमात राहत होता.

काजार राजकन्येची टिंगल

हा सारा इतिहास युरोप-अमेरिकेचा म्हणून हात झटकता आले असते, तर बरे झाले असते. पण गेली काही वर्षे एक फोटो आपल्या मोबाइलवरून फिरतो आहे. त्यात आखूड घेरदार झगा घातलेली, जाडजूड, ओठांवर मिशीची रेघ असलेली एक बाई आहे. खाली मजकूर असतो : ही इराणची राजकन्या काजार, त्या काळची सौंदर्यवती, हिने नकार दिला म्हणून १३ तरुणांनी जीव दिला. पुढे हसण्याच्या चित्रांची रांग. मुसलमानांच्या गटांतही हा मजकूर तितक्याच उत्साहाने पुढे ढकलला जातो.

‘राजकन्या काजार’ नावाची कोणी बाई नव्हती. काजार हे इराणच्या राजघराण्याचे नाव. या मजकुरात नासिरुद्दीन शाहच्या (कारकीर्द १८४८ ते १८९६) दोन मुलींची सरमिसळ झाली आहे. एक इस्मतुद्दौला आणि दुसरी ताजुस्सल्तनत. दोघींची लग्ने वडीलधाऱ्यांनी बालवयातच ठरवली होती. जनानखान्यात वाढलेल्या या मुलींकडे तेरा तरुण मागणी घालायला येणार कुठून आणि त्यांना नकार देण्याचा अधिकार तरी मुलींना कोण देणार?

यातल्या ताजुस्सल्तनतने १९१४ साली आपल्या आठवणी लिहिल्या. बापाच्या दरबारातली उधळपट्टी, मनाविरुद्धचे लग्न, बायकांचे अज्ञान यांवर ती त्यात तुटून पडते. इराणच्या घटनात्मक क्रांतीची ती समर्थक होती. बायकांच्या स्वातंत्र्यासाठी स्थापन झालेल्या अंजुमनची ती सदस्य होती. पडद्याच्या सक्तीविरुद्ध तिने शंभर वर्षांपूर्वी लिहिले. १९३६ मध्ये ती वारली. मिशीबद्दल सांगायचे, तर इराणी इतिहासकार अफसाना नजमाबादी यांनी २००५च्या ग्रंथात दाखवले आहे की, एकोणिसाव्या शतकातल्या इराणात बाईच्या ओठांवरची कोवळी लव सौंदर्याची खूण मानली जाई. बायका ती रंगवून उठून दिसेल अशी करत. युरोपशी संबंध वाढला तशी तीच लव लाजेची गोष्ट झाली.

एक बाई पुस्तक लिहून जाते आणि शंभर वर्षांनी तिच्या घराण्याची आठवण उरते ती वजन आणि मिशी म्हणून. आंग्रने लेडी मेरीच्या बोलक्या बायका मुक्या केल्या, तेच काम आपण अंगठ्याने करतो.

आपल्या घरातले माप

आपल्याकडचे माप बरे होते, असा दावाही मी करणार नाही. मॉरिटानिया हा इस्लामी प्रजासत्ताक म्हणवणारा देश. तिथे ‘लबलूह’ नावाची चाल आहे. लग्नाआधी मुलींना उंटिणीचे दूध आणि खाणे बळजबरीने कोंबून जाड केले जाते. जाड बायको म्हणजे नवऱ्याच्या घरी सुबत्ता आहे आणि कामाला गुलाम आहेत, याची ती जुनी जाहिरात. पॅरिसमध्ये मुलगी उपाशी मरते, सहाराच्या कडेला मुलीला उलटी होईस्तोवर भरवतात. दोन्हीकडे बाईच्या अंगावर दुसऱ्याची ऐपत टांगलेली असते.

आता हिजाबही बाजारात आला आहे. केनियातल्या काकुमा निर्वासित छावणीत जन्मलेली सोमाली वंशाची हलिमा एडन २०१६ मध्ये हिजाब घालून अमेरिकेतल्या एका राज्याच्या सौंदर्यस्पर्धेत उतरली. २०१८ मध्ये ती ब्रिटिश ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर झळकली. मोठमोठ्या कंपन्यांनी हिजाब आणि अबाया विकायला काढले. आपल्या लोकांना वाटले, मान मिळाला. नोव्हेंबर २०२० मध्ये हलिमाने रॅम्प सोडला. या कामात आपली श्रद्धा आणि आपला हिजाब हळूहळू हातातून निसटत गेला, असे तिने जाहीरपणे सांगितले. फॅशनच्या धंद्याने डोक्यावरचे कापड लवकर स्वीकारले. त्या कापडाखालची बाई मात्र त्याला त्याच उंचीची आणि त्याच मापाची हवी होती.

भारतात तयार कपड्यांवरची मापे बरीचशी परदेशी तक्त्यांवरून उचललेली. म्हणूनच ‘निफ्ट’ या संस्थेने केंद्र सरकारच्या मदतीने मुंबईसह सहा शहरांतल्या २५ हजार लोकांची मापे घेऊन भारतीय तक्ता बनवण्याचे काम हाती घेतले. तोवर आपल्या मुली ट्रायल रूममधून रडवेल्या होऊन बाहेर येतात आणि दोष स्वतःच्या कमरेला देतात. मोहल्ल्यात शिलाईकाम करणारी खाला माप घेते तेव्हा टेप अंगाभोवती फिरतो. दुकानात अंग टेपाभोवती फिरवावे लागते.

आणि रिश्ते लावणाऱ्यांच्या बायोडाटात काय असते? ‘दीनदार, गोरी, सडपातळ’. दीनदारीला गोरेपण आणि सडपातळपणा कधी चिकटला, हे कोणी विचारत नाही. मुलगी बघायला आलेल्या बायका चहा घेता घेता तिच्या दंडाकडे पाहतात, घरी जाऊन ‘लड़की जरा भरी हुई है’ असा निरोप पाठवतात. त्यांच्यातल्या कितीजणी तहज्जुद पढणाऱ्या असतात! सूरह हुजुरातमध्ये पुरुषांनी पुरुषांची आणि स्त्रियांनी स्त्रियांची खिल्ली उडवू नये, अशी ताकीद आहे. स्त्रियांचा उल्लेख तिथे वेगळा, नाव घेऊन केला आहे. कदाचित त्या दुसऱ्या असतील तर खिल्ली उडवणाऱ्यांपेक्षा चांगल्या असतील, असे कारणही दिले आहे.

हजरत अब्दुल्लाह इब्ने मसूद (रजि.) यांची एक रिवायत मला या संदर्भात नेहमी आठवते. ते अंगाने फार किरकोळ होते. एकदा मिसवाक तोडायला ते झाडावर चढले. वाऱ्याने कपडा उडाला आणि त्यांच्या काटकुळ्या पिंढऱ्या दिसल्या. खाली उभे असलेले लोक हसले. प्रेषित मुहंमद (स.) यांनी विचारले, कशाला हसता? त्यांनी कारण सांगितले. तेव्हा प्रेषितांनी त्यांना बजावले की, कयामतच्या दिवशी तराजूत हेच पाय उहुदच्या डोंगराहून जड भरतील.

वजन तिथेही आहे, तराजू तिथेही आहे. फरक एवढाच की, त्या तराजूचा काटा कोणत्या दुकानदाराच्या, चित्रकाराच्या किंवा मुलाच्या आईच्या हातात नाही.